उचलायचं नाही, वळवायचं

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या. फाल्गुनात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवारी रात्री येतात, रविवारी रात्रीच्या गाडीनं जातात. एरवी घरात मी एकटी. खाट माजघरात, भिंतीला लावलेली, सासूबाईंची चांगली बाजू भिंतीकडे. चादर बदलायची म्हणजे मी त्यांना काखेत हात घालून उचलते, खुर्चीत बसवते, चादर घालते आणि परत उचलून ठेवते. त्या ओरडतात, कधी रडतात. माझी कंबर धरली आहे. आता पावसात चादरी वाळत नाहीत, म्हणून दोन-दोन दिवस तीच राहते. परवा त्यांच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. तिथे रोज खोबरेल चोळते आहे. मिस्टर म्हणतात हवेची गादी आणू, मग कुशीवर करायची गरज नाही. नणंद फोनवर म्हणाली, ‘आईकडे नीट बघितलं जात नाही.’ माझं काय चुकतंय?
— एक सून, संगमेश्वर तालुका

सूनबाई,

चादरीचं नंतर बोलू, आधी तो डाग. हे वाचून झालं की सासूबाईंना कुशीवर करा आणि उजेडात बघा. डागावर बोट ठेवून तीन-चार सेकंद हलकं दाबा आणि काढून घ्या. दाबलेली जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली, तर तिथलं रक्त अजून खेळतं आहे. त्या जागेवरचा भार काढलात तर डाग बहुतेक जाईल. जागा फिकी पडलीच नाही, तशीच लाल राहिली, तर वरची कातडी अखंड दिसली तरी जखमेला सुरुवात झाली असं समजा. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर लाली नीट कळत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा जांभळट किंवा काळपट दिसतं, हाताला गरम लागतं, घट्ट नाहीतर लिबलिबीत लागतं. डाग फिका पडत नसेल, फोड आला असेल, साल निघाली असेल, वास येत असेल किंवा अंगात ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रविवारपर्यंत थांबू नका.

आणि त्या जागी तेल चोळणं आजच बंद करा. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, तेव्हा हा डाग उठतो. आधीच चेपलेल्या त्या जागेवर चोळलं की आतला मऊ भाग आणखी फाटतो. तुम्ही मायेनंच करत होतात, हे मला ठाऊक आहे, कारण आम्हीही तेच केलं आहे. आमच्या नर्सिंगच्या शिक्षणाच्या वेळी ‘बॅक केअर’ म्हणजे स्पिरिट लावून पाठ खसाखसा चोळायची आणि वर पावडर मारायची. मी अशा कितीतरी पाठी चोळल्या. स्पिरिटनं कातडी कोरडी पडून चिरते, पावडरीचे घामात गोळे होतात, आणि चोळण्यानं काय होतं ते वर सांगितलंच. ही पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. खोबरेल लावायचंच असेल तर डाग सोडून बाकीच्या कोरड्या अंगाला, हलक्या हातानं लावा.

आता तुमच्या कंबरेचं आणि त्यांच्या ओरडण्याचं. पॅरालिसिस झाला की खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि हाताच्या वजनानं हाड खोबणीतून खाली ओढलं जातं. अशा माणसाला काखेत हात घालून उचललं की सगळा भार त्या सैल सांध्यावर येतो. त्यांचं ओरडणं बहुधा खांद्याचं आहे, ते मनाला लावून घेऊ नका. तो हात ओढायचा नाही, काखेतून उचलायचं नाही, कधीच नाही. खुर्चीत बसणं त्यांना चांगलंच आहे, पण खाटेवरून खुर्चीत कसं न्यायचं ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. चादर बदलण्यासाठी त्यांना खाटेवरून उतरवायची मुळात गरजच नाही.

नर्सिंगला गेलेल्या मुलीला अगदी सुरुवातीला खाट लावायला शिकवतात. रिकामी खाट, ऑपरेशनहून येणाऱ्या पेशंटची खाट, आणि पेशंट आत असलेली खाट. शेवटची जमली की वॉर्डात पाऊल ठेवायचं. तिचं सगळं मर्म एवढंच, की उचलायचं नाही, वळवायचं. अर्धी चादर माणसाच्या एका बाजूला बदलायची, माणूस वळवायचा, उरलेली अर्धी दुसऱ्या बाजूनं ओढून घ्यायची. एकट्या बाईला भरल्या अंगाचं माणूस उचलता येत नाही, पण वळवता येतं.

तरी माझं स्पष्ट मत असं, की गादीवरची मोठी चादर एकटीनं बदलू नका. ती रविवारी, मिस्टर घरात असताना, आणि मधल्या वारी एकदा शेजारच्या कुणाला तरी हाक मारून बदला. रोज, आणि ओली झाली की लगेच, बदलायची ती आडवी चादर. हॉस्पिटलात तिला ड्रॉ-शीट म्हणतात. खांद्यापासून मांडीपर्यंतच्या भागाखाली आडवी घातलेली, दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचलेली. तिच्याखाली, कंबरेच्या भागापुरतं, मेणकापड. मेणकापड थेट अंगाखाली नको, घामानं कातडी भिजते. टेबलावर घालायचं ते चुरचुर वाजणारं प्लॅस्टिक तर नकोच, त्याच्या चुण्या अंगात रुततात.

या आडव्या चादरीसाठी बाजारात जाऊ नका. सासूबाईंच्या कपाटात जुनी सुती नऊवारी लुगडी असतील. लुगडं आठ मीटरच्या आसपास लांब आणि मीटरभर पन्ह्याचं असतं. लांबीत चार घड्या घातल्या की दोन मीटर लांब आणि मीटरभर रुंद अशी चार पदरी चादर होते. खाटेची रुंदी जाऊन दोन्हीकडे खोचायला हात-हातभर कापड उरतं, आणि वापरून वापरून ते असं मऊ झालेलं असतं की नवी कोरी चादर त्याच्यापुढे खरखरीत वाटावी. काठ मात्र उसवून किंवा कापून टाका, तो जाड असतो आणि मांडीखाली त्याचा वळ उठतो. अंगाखाली गोधडीही नको, तिचे टाके रुततात. आणि लुगड्यांना हात लावण्याआधी सासूबाईंना विचारा. ‘आई, यातली कुठली घेऊ?’ एखादं त्यांना ठेवायचं असेल.

आता रोजची रीत. सासूबाईंची डावी बाजू भिंतीकडे आहे, ते बरं आहे. एकटी असताना ती भिंतच तुमचा दुसरा माणूस. फक्त गादी आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी, चार बोटांची, फट ठेवा.

आधी सगळं हाताशी आणा. धुतलेलं लुगडं, कोरडं टॉवेल, कोमट पाण्याचं पातेलं, दोन मऊ फडकी, दोन-तीन उशा, ओल्या कपड्यांची बादली. त्या कुशीवर असताना ‘थांबा हं, फडकं आणते’ म्हणून आत जायचं नाही. बांगड्या वर सरकवून वरून रुमाल बांधा. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते, काचेच्या बांगडीचा नुसता ओरखडा उठला तरी ती फाटते. जेवण किंवा पेज झाल्यावर तासभर तरी हे काम नको. दार लोटून घ्या. पांघरूण अंगावरच असू द्या, ज्या भागाचं काम चाललं आहे तेवढाच भाग उघडा. ज्या बाईनं तुम्हाला या घराच्या रीतीभाती शिकवल्या, ती आज तुमच्यापुढे उघडी पडते, हे तिला किती जड जात असेल याचा विचार तुम्ही करतच असाल. मधून मधून त्या रडतात, त्याला हेही कारण असू शकतं.

प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा. ‘आई, आता भिंतीकडे वळायचं आहे.’ समजतं सगळं म्हणालात ना, मग कामालाही लावा. डाव्या हाताची बोटं उजव्या हाताच्या बोटांत गुंतवून दोन्ही हात छातीवर घ्यायला सांगा. दोन्ही गुडघे उभे करा, उजवा पाय तुम्ही धरून ठेवा. डावा पाय गादीवर रोवून त्यांना ढुंगण थोडं उचलता आलं तर तेवढ्यात त्यांना तुमच्या बाजूला जरा सरकवून घ्या, नाहीतर वळल्यावर तोंड भिंतीला लागेल. नाहीच उचलता आलं, तर खालच्या लुगड्याची कड गुंडाळून मुठीत धरा आणि लुगड्यासकट सरकवा. अंगाला धरून फरफटवलं की खालची कातडी गादीला चिकटून मागे राहते आणि आतलं हाड पुढे जातं. यानंही जखमा होतात.

मग एक हात त्यांच्या उजव्या खवाट्यामागे, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडापाशी, दुसरा उजव्या खुब्यावर. तुमचा एक पाय पुढे, एक मागे, गुडघे जरा वाकलेले. ‘एक, दोन, तीन’ म्हणा आणि मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर घ्या. ढकलायचं काम तुमचं वजन करतं, कंबर नाही. त्या वळल्या की पोटाशी एक उशी द्या, त्यावर उजवा हात ठेवा. दुसरी उशी दोन गुडघ्यांमध्ये.

आता जुन्या लुगड्याची तुमच्याकडची कड सोडवा, घाण बाजू आत राहील असं ते लांबट गुंडाळत त्यांच्या पाठीशी नेऊन ठेवा. अंग कोमट पाण्यानं पुसा, टिपून कोरडं करा. मेणकापड पुसून वाळवा. ओल्या गुंडाळीवर कोरडं टॉवेल टाका, म्हणजे नवं लुगडं भिजणार नाही. नव्या लुगड्याची अर्धी गुंडाळी त्याला लावून ठेवा आणि उरलेलं अर्धं तुमच्या बाजूला पसरून, ताणून, गादीखाली खोचा.

इथे थांबा आणि पाठ बघा. दिवसभरात पाठ अशी समोर फार वेळा येत नाही. डोक्याचा मागचा भाग, कानामागे, खवाटे, कोपरं, माकडहाड, खुबे, घोटे, टाचा. रोज त्याच क्रमानं, म्हणजे काही सुटत नाही. मी नोकरीला लागले त्या वर्षी रात्रपाळीला एका आजोबांची खाट घाईघाईनं लावली होती. सकाळी त्यांना वळवलं तर खवाट्याखाली रुपयापेक्षा लहान, अगदी कंपासनं काढल्यासारखा लालभडक गोल. खाली चादरीत सुईचं प्लॅस्टिकचं टोपण पडलेलं. माझ्याच हातून पडलेलं. आजोबांना त्या अंगाला काही कळत नव्हतं, त्यामुळे रात्रभर ते बोलले नाहीत. तो गोल उतरायला चार दिवस लागले, आणि त्यानंतर मी एकही चादर दोन्ही तळहात फिरवल्याशिवाय सोडली नाही. तुम्हीही तळहात फिरवा. पेजेचं वाळलेलं शीत, केसातली पिन, साडीची निरी, चादरीची चुणी, जे हाताला लागेल ते अंगाला दहा पटीनं लागतं.

पाठ बघून झाली की सांगा, ‘आई, आता माझ्याकडे वळायचं. मधे थोडा उंचवटा लागेल, घाबरू नका.’ हे वाक्य विसरू नका. न सांगता त्या गुंडाळीवरून गेलं की पडल्यासारखं वाटतं आणि माणूस घाबरून ताठ होतो. वळवताना उजवा हात आधी पुढे, तुमच्याकडे काढून घ्या, खांदा अंगाखाली चेपला जाऊ देऊ नका. खाटेच्या कडेला एक जाड उशी लावा आणि स्वतःचा एक गुडघा खाटेवर टेकवा. त्यामुळे त्यांना आधार होतो आणि पलीकडे हात नेताना तुमची कंबर वाचते. एक हात त्यांच्या खुब्यावर ठेवून दुसऱ्या हातानं जुनी गुंडाळी काढा, बादलीत टाका. नवं लुगडं ओढून घ्या, चुण्या काढा, भिंतीकडच्या फटीत खोचा. ज्या दिवशी तुमचा हात दुखतो आहे किंवा त्या दमलेल्या आहेत, त्या दिवशी हा दुसरा भाग एकटीनं करू नका, शेजारी हाक मारा. पहिल्या आठवड्यात अर्धा-पाऊण तास लागेल. हात बसला की पंधरा मिनिटांत होतं.

झाल्यावर त्यांना पुन्हा सपाट पाठीवर टाकू नका, सध्या माकडहाडावर भार नकोच आहे. पाठीमागे उशी देऊन जरासं कलतं ठेवा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दर दोन तासांनी पालट. उजवीकडे ठेवताना खांदा पुढे काढलेला आहे ना ते बघा. पोटऱ्यांखाली उशी लांबट ठेवली की टाचा अधांतरी राहतात, तशाच राहू द्या. ढुंगणाखाली घालायची रबराची रिंग कुणी आणून दिली तर वापरू नका, तिच्या कडेनं रक्त आणखी अडतं.

हवेच्या गादीचं. आणा, परवडत असेल तर जरूर आणा, भाड्यानंही मिळते. तिच्यातले कप्पे आलटून पालटून फुगतात, त्यामुळे एकाच जागी भार राहत नाही. पण ‘मग कुशीवर करायला नको’ हे मिस्टरांचं म्हणणं बरोबर नाही. वळवणं चालूच ठेवावं लागतं. गादीवर चादर एकच आणि सैल हवी, ताणून घट्ट खोचली किंवा वर गोधडी टाकली की खालच्या कप्प्यांचा उपयोग संपला. आणि तुमच्याकडे पावसात लाईट जाते. पंप बंद पडला की गादी हळूहळू बसते आणि सासूबाई खालच्या फळीवर येतात. लाईट गेली की घड्याळ बघायचं आणि पालटायची वेळ चुकवायची नाही.

आषाढातल्या वाळवणाचं दुःख मला कळतं, पण दोन दिवस ओलसर चादरीवर ठेवणं हेच त्या डागाचं निम्मं कारण आहे. ओली कातडी लवकर सोलते. लुगड्याचा इथेही फायदा होतो. चादर म्हणून ते चार पदरी असतं, वाळताना एकपदरी. घडी उलगडून माजघरात आडव्या दोरीवर पंख्याखाली टाकलं की जाड चादरीच्या निम्म्या वेळात वाळतं. जरा दमट राहिलं तर इस्त्री फिरवा. अशी सहा लुगडी फिरती ठेवा. धुताना शी असेल तर आधी संडासात झाडून टाका, मग गार पाण्यात खळबळून घ्या, त्यानंतर साबणाच्या गरम पाण्यात भिजवा. आधीच गरम पाणी घातलं तर डाग बसतात. ब्लीच वापरायचं असेल तर लघवी आधी भरपूर पाण्यानं काढून टाका आणि संडास धुवायच्या अॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. घाण चादर झटकू नका, अंगापासून लांब धरून न्या, आणि नंतर हात साबणानं धुवा.

तुमचं काय चुकतंय, असं विचारलंत. उचलणं चुकत होतं, डाग चोळणं चुकत होतं, आणि ओली चादर दोन दिवस राहत होती. तिन्ही गोष्टी कुणी दाखवल्या नव्हत्या म्हणून झाल्या. घरी सोडताना हॉस्पिटलात औषधांचा कागद देतात, पण खाटेपाशी उभं राहून पाच मिनिटं कुणी हे करून दाखवत नाही, आणि मग सगळं घरच्या बाईच्या कंबरेवर येतं. याचा मला राग येतो. पाच महिने तुम्ही एकटीनं हे केलं आहे आणि डाग दिसला त्याच आठवड्यात पत्र लिहिलंत. न बघणारी सून हे करत नाही.

नणंदेला उत्तर देत बसू नका, पण बोलवा नक्की. चार दिवस येऊन राहिल्या तर मोठी चादर दोघींना बदलता येईल. त्यांना आईच्या तोंडाच्या बाजूला उभं करा, खांद्यावर आणि खुब्यावर हात ठेवून धरायला सांगा, पाठीमागचं काम तुम्ही करा. लेकीचा चेहरा समोर असेल तर सासूबाईंनाही बरं वाटेल.

येत्या रविवारी खाट भिंतीपासून दोन हात ओढून घ्या. मिस्टरांना एका बाजूला उभं करून मोठी चादर, मेणकापड, आडवी चादर सगळं नव्यानं घाला, आणि वळवण्याची एक फेरी त्यांच्याकडून करून घ्या. रविवारची तरी ती त्यांची. डाग बोटानं दाबल्यावर काय दिसलं, ते मला लगेच कळवा, पुढच्या पत्राची वाट बघते आहे.